मुलांचे गट पाडण्याआधी आपले प्रश्न तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तिसरीचा वर्ग, पटावर ४२ मुलं. प्रशिक्षणात सांगितलं गेलं की प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली ओळखा. बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि करून शिकणारी असे गट करा. शिवाय आठवड्यातून एक तास सर्जनशील उपक्रमांना द्या. तुम्ही प्रश्नावली भरून घेतली, गट केले, शुक्रवारचा तास राखून ठेवला. तरीही मुलं दर पाच मिनिटांनी वही घेऊन समोर येतात आणि विचारतात, "बाई, हे बरोबर आहे का?" एकमेकांचं बघून लिहितात. मनाने चित्र काढा म्हटलं की सगळ्या वह्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नदी. पोर्शन मागे पडतोय तो वेगळाच. आणि नोंदवहीतल्या 'शैली' या रकान्यात काय भरायचं, हेही तुम्ही विचारलंय.

शैली आणि उपक्रम घटकाभर बाजूला ठेवू. तुमच्या सगळ्या वर्णनात मला महत्त्वाचं वाटलं ते "बरोबर आहे का?" हे वाक्य. तिसरीपर्यंत आलेल्या मुलाला शाळेचा एक नियम तोंडपाठ झालेला असतो: उत्तर बाईंकडे तयार आहे, आपण ते ओळखायचं. हा नियम कुणी शिकवत नाही. दिवसभर जे प्रश्न कानावर पडतात त्यांवरून मुलं तो काढतात. १९७९ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या संशोधकांनी प्राथमिकच्या मुलांना एक गणित घातलं. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुसंख्य मुलांनी आकडेमोड करून वय सांगून टाकलं. ही मुलं ढ नव्हती. दोन आकडे दिले की त्यांचं काहीतरी करायचं असतं आणि उत्तर असतंच, हे ती शाळेतच शिकली होती. तुमच्या वर्गात उद्या हे गणित घालून बघा. "छत्तीस" म्हणणाऱ्यांना हसू नका, फक्त विचारा, "कशावरून?"

तेव्हा खरा प्रश्न मला असा दिसतो: वर्गात 'बरोबर'पेक्षा 'कशावरून' याला जास्त किंमत कशी येईल? आठवडाभर एकच उत्तर लिहून घ्यायचं आणि शुक्रवारी "आता मोकळेपणाने विचार करा" म्हणायचं, तर मुलं शुक्रवारीही एकच उत्तर शोधणार. दोन डोंगर आणि मधला सूर्य हे त्यांच्या लेखी चित्राचं बरोबर उत्तर आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मुलांचं वाचन अजून अडखळत असेल तर खाली सांगितलेलं बरंचसं तोंडी करावं लागेल आणि वाचनाचा वेळ त्यात खर्चू नये. घटक कोणत्या क्रमाने घ्यायचा याची मोकळीक नसेल तरी चालेल, कारण मी क्रम बदलायला सांगत नाहीये. ४२ मुलांत २५ मुलांसारखं करता येत नाही, हे मात्र खरंच. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आधी शैलीचा विषय संपवते. बघणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करणारे ही वर्गवारी लोकप्रिय झाली ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या प्रश्नावलीमुळे. ती प्रश्नावली माणसाची पसंती विचारते. पसंती असते, त्यात वाद नाही. वाद पुढच्या उडीचा आहे, की मुलाला त्याच्या पसंतीच्या मार्गाने शिकवलं तर ते जास्त शिकतं. हॅरल्ड पॅशलर, रॉबर्ट ब्यॉर्क आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा पुरावा तपासला. त्यांचं म्हणणं साधं होतं: 'बघणाऱ्या' मुलांतल्या निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून शिकवा, 'ऐकणाऱ्या' मुलांचंही तसंच करा, मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. शैली खरी असेल तर प्रत्येक गटात आपापली पद्धत वरचढ ठरली पाहिजे. अशा रीतीने केलेले प्रयोग त्यांना फार थोडे सापडले, आणि त्यातले काही तर उलटंच सांगत होते. त्याआधी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड यांच्या गटाने शैलींची वेगवेगळी ७१ प्रारूपं मोजली होती. एकाच मुलाला ७१ तऱ्हांनी वाटता येत असेल तर त्या वाटणीवर वर्गाचं नियोजन उभं करण्यात मला अर्थ दिसत नाही. बुद्धिमत्ता एकच नसून भाषिक, संगीतविषयक अशा अनेक असतात, या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचा दाखला पुष्कळदा इथे जोडला जातो. पण १९८३ मध्ये तो सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनीच पुढे स्पष्ट लिहिलं की आपल्या बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत.

म्हणजे सगळी मुलं सारखीच, असं मी म्हणत नाहीये. मुलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण तो वेगळ्या ठिकाणी असतो: आधीचं किती येतं, शब्दसंपत्ती किती, वाचायचा वेग काय, घरची बोली पुस्तकाच्या भाषेपासून किती लांब, डोळे-कान ठीक आहेत का. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाच्या नोंदीत 'ऐकून शिकणारा' असं लिहिलेलं होतं, कारण तो फळ्याकडे बघतच नसे. चष्मा लागला आणि तो फळ्यावरचं भराभर उतरवून घेऊ लागला.

म्हणून तुमच्या त्या रकान्यात प्रकार लिहू नका, निरीक्षण लिहा. "शाब्दिक उदाहरण स्वतः वाचताना अडखळते, वाचून दाखवलं की तोंडी सोडवते." हे वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काय करायचं ते कळतं: वाचनाकडे लक्ष द्यायचं. तिथे 'श्राव्य', म्हणजे ऐकून शिकणारी, असं लिहिलं तर त्या मुलीला वाचनापासून सूट मिळेल, आणि तिला नेमकी तीच नकोय.

मग विविधता हवी की नको? हवीच, पण ती सगळ्यांना हवी आणि ती मुलाकडे बघून ठरवायची नाही, आशयाकडे बघून ठरवायची. कविता कानांनीच कळते, नकाशा डोळ्यांनी, लिटर आणि मिलिलिटर पाणी ओतल्याशिवाय कुणालाच कळत नाही. जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला कृती, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम मी आजही गणितात जवळजवळ जसाच्या तसा वापरते. त्यात मुलांचे तीन गट नसतात. प्रत्येक मूल तिन्ही टप्प्यांतून जातं.

अपूर्णांकाचं उदाहरण घ्या. एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारलं की अर्धा वर्ग "एक अष्टमांश" म्हणतो, कारण आठ मोठे. सगळ्यांना सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या द्या. एकदा दुमडा, दोनदा, तीनदा. आठ भाग होतात आणि प्रत्येक भाग बारीक होत जातो, ते हाताला कळतं. पण इथेच थांबून "आता वहीत लिहा" करू नका. पुढची पट्टी द्या आणि म्हणा, "हिचे तीन सारखे भाग करा." अर्धं-अर्धं दुमडण्याची युक्ती इथे चालत नाही, आणि तुम्हीही ती सांगायची नाही. कुणी मोजपट्टीने मोजून तीनने भागायला बसतं, कुणी नागमोडी दुमडून कडा जुळेपर्यंत सरकवत राहतं. एका वर्गात एका मुलीने पट्टी रेघी वहीवर उभी ठेवून घरं मोजली. ती आली २०. तीनने भाग जाईना. तिने पट्टी तिरकी करत करत दोन्ही टोकं बरोबर १८ घरांत बसवली आणि सहाव्या आणि बाराव्या रेघेवर खुणा केल्या. तिला कुणी भूमितीचं प्रमेय सांगितलं नव्हतं. माझ्या मते सर्जनशील विचार तो हाच, आणि तो अपूर्णांकाच्या तासात, पोर्शन चालू असताना झाला. त्यानंतर वहीत आकृती काढून घ्या. भाग असमान काढणारी मुलं तिथे लगेच दिसतात. चिन्ह सगळ्यात शेवटी.

आता प्रश्नांकडे. पाठ्यपुस्तकातला प्रश्न बहुधा असा असतो: लांबी ८ सेंमी, रुंदी ४ सेंमी, परिमिती काढा. तो उलटा करा: "चौकटीच्या वहीत परिमिती २४ येईल असे आयत काढा. जितके सापडतील तितके." एवढाच बदल. पाच मिनिटांत वर्गात काय काय होतं बघा. पहिला आयत बहुतेकांचा ८ बाय ४ किंवा १० बाय २. मग कुणाला तरी क्रम दिसतो: ११ आणि १, १० आणि २, ९ आणि ३, बेरीज नेहमी १२. मग कुणीतरी ६ बाय ६ काढतं आणि भांडण लागतं, "बाई, हा चौरस आहे, आयत नाही!" हे भांडण सोडवू नका. "आयत कशाला म्हणायचं ते आधी सांगा" एवढंच म्हणा. चारही कोन काटकोन, समोरासमोरच्या बाजू सारख्या, इथवर मुलं आपण होऊन येतात आणि चौरस त्यात बसतो हे त्यांनाच कबूल करावं लागतं. वेळ उरला तर आतल्या चौकटी मोजायला सांगा: ११, २०, २७, ३२, ३५, ३६. परिमिती तीच आणि क्षेत्रफळ मात्र वाढत जातं, याचं मुलांना फार नवल वाटतं. एखादं मूल साडेपाच आणि साडेसहापर्यंतही जातं. जाऊ द्या.

पुस्तकातल्या पाच गणितांपेक्षा इथे बेरजा जास्त झाल्या, म्हणजे सराव बुडाला नाही. शेजाऱ्याचं बघून लिहिण्यात तर काही मजाच उरत नाही, कारण शेजाऱ्याकडे नसलेला आयत शोधायचा असतो.

असे प्रश्न तयार करायला फार डोकं लागत नाही. उत्तर देऊन प्रश्न मागा: "उत्तर १५ आहे, गोष्ट तयार करा." किंवा चार संख्या द्या, ५, १२, २०, २५, आणि विचारा की यातली वेगळी कोणती. पाच एकअंकी आहे, बारा पाचच्या पाढ्यात नाही, वीसच्या शेवटी शून्य आहे, पंचवीस ही एकटीच दोन अंकी विषम. चारही उत्तरं बरोबर, म्हणून कारण दिल्याशिवाय उत्तराला अर्थच नाही. परिसर अभ्यासातही "पाण्याचे उपयोग लिहा" याऐवजी "उद्या नळाला पाणी आलं नाही तर घरातलं कोणतं काम सगळ्यात आधी अडेल आणि का" असं विचारता येतं.

प्रश्न बदलला तरी पुढचे काही सेकंद जुन्यासारखेच गेले तर काही होत नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते थांबणं तीन सेकंद किंवा जास्त केलं तेव्हा उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. त्यांनी दोन जागा सांगितल्या होत्या: एक, प्रश्नानंतर, दुसरी, मुलाच्या उत्तरानंतर. पहिली सगळ्यांना माहीत असते. दुसरी अवघड, कारण मूल बोललं रे बोललं की आपल्या तोंडून "शाब्बास" किंवा "नाही, दुसरं कोण?" निघतंच. दोन्हींनी विचार तिथेच थांबतो. शाब्बास म्हटलं की बाकीचे ४१ हात खाली जातात.

चुकीच्या उत्तरालाही हेच लागू. ५२ वजा ३८ बरोबर २६, असं कुणीतरी लिहितंच. बरोबर उत्तर १४, हे सांगायला दोन सेकंद पुरतात. त्याऐवजी "सव्वीस कसे आले ते सांग" म्हणा. मूल सांगेल: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. नियम चुकीचा आहे, पण नियम आहे, आणि तो कळल्यावर काय शिकवायचं ते तुम्हाला कळतं. मग विचारा, "२६ मध्ये ३८ मिळवले तर ५२ येतात का?" पडताळ्याचं हत्यार मुलाच्या हातात गेलं की "बाई, बरोबर आहे का?" विचारायला येणं आपोआप घटतं. तुमच्या मूळ तक्रारीवर मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय हाच.

भाषेच्या तासाला उलट अडचण असते. तिथे आपण जास्तच मोकळं सोडतो. "मनाने काहीही लिहा" म्हटलं की आठ वर्षांचं मूल गोठतं आणि पाठ असलेला निबंध उतरवून देतं. अट घाला. "पाऊस हा शब्द न वापरता पाऊस पडतोय हे वाचणाऱ्याला कळू द्या." मग वहीत येतं: "आईने धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढले." "आज मैदानाची सुट्टी वर्गातच झाली." अटीमुळे पाठ केलेली वाक्यं बाद होतात आणि मुलाला स्वतःच्या आठवणीकडे वळावंच लागतं. चित्राचंही तसंच. डोंगर-सूर्य काढू नका असं सांगू नका. तेच घर उंबऱ्यावर बसलेल्या मुंगीला कसं दिसेल ते काढायला सांगा.

पेन्सिलीचे वेगवेगळे उपयोग सांगा, विटेचे सांगा, असले खेळ तुम्ही शुक्रवारी घेत असाल. हे सगळं जे. पी. गिलफर्ड यांच्यापासून आलं. १९५० मध्ये त्यांनी सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे मानसशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. खेळ घ्या, फक्त उपयोग मोजू नका, उपयोगांचे प्रकार मोजा. लिहिणं, रेघ मारणं, रंगवणं हा एकच प्रकार. पुस्तकात खूण म्हणून ठेवणं हा दुसरा, गरगर फिरवून 'राज्य कुणावर' ठरवणं हा तिसरा. मात्र पेन्सिलीवर चाललेलं डोकं आपोआप भागाकारावर चालत नाही. त्यासाठी भागाकाराच्या तासातच प्रश्न बदलावा लागतो.

बक्षिसाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण 'सर्वांत सर्जनशील विद्यार्थी' असा तक्ता तुम्ही भिंतीवर लावलाय म्हणून लिहिते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्केचपेनने रंगवायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रंगवताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नव्हता. मी असते तर तो तक्ता काढून त्या जागी वेगवेगळ्या मुलांच्या कल्पना नावासकट लावल्या असत्या, क्रमांक न देता.

सगळंच खुलं करू नका, हेही सांगायला हवं. अक्षरओळख, वाचनाचा वेग, पाढे, लेखनातले नेहमीचे शब्द हे सरळ शिकवायचे आणि घोटून घ्यायचे. बेरीज १२ येणाऱ्या संख्यांच्या जोड्या ज्याला पटकन सुचत नाहीत ते मूल वरच्या आयतांत अडकून पडतं आणि मग त्याला 'कल्पनाशक्ती नाही' म्हटलं जातं. माझा साधारण हिशोब असा: एका घटकात एखाद-दुसरा उलटा प्रश्न, बाकी नेहमीसारखं. मात्र "कसं आलं?" हे दररोज.

४२ मुलांच्या वर्गात हे चालवायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे रफ वही, जी तुम्ही तपासत नाही आणि जिच्यात खोडाखोड चालते. दुसरी म्हणजे जोडी. प्रश्न दिला की आधी दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, गप्प राहून लिहायचं. मग शेजाऱ्याला सांगायचं. मग मोजक्या जोड्यांनी वर्गाला. १९८१ मध्ये फ्रँक लायमन यांनी मांडलेली ही पद्धत मोठ्या वर्गात विशेष उपयोगी पडते, कारण एका वेळी २१ मुलं बोलत असतात. एकट्याने लिहायची दोन मिनिटं गाळलीत तर प्रत्येक जोडीत हुशार मूल बोलतं आणि दुसरं मान डोलवतं. गलका होईल. बोलण्यासाठी दोनच मिनिटं द्या आणि थांबण्याची खूण ठरवा. हात वर करणं पुरतं, ओरडू नका. वर्गाला कोण सांगणार हे तुम्ही फिरताना वह्या बघून ठरवा, हात वर करणाऱ्यांतून निवडू नका. आधी सोपी पद्धत सांगणारी जोडी, मग वेगळी, शेवटी सगळ्यात विचित्र.

पालक रफ वही बघून तक्रार करणार, हे गृहीत धरा: "एवढी खाडाखोड, बाई तपासत नाहीत का?" पहिल्याच पालकसभेत दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवा. वरच्या आयतांचाच प्रश्न पालकांना घाला आणि पाच मिनिटं द्या. त्यांच्या कागदावरही खाडाखोड होते. मुख्याध्यापकांना घटक चाचणीची उत्तरपत्रिका बघायची असते, तर चाचणीत शेवटी दोन गुणांचा एक "कारण सांगा" प्रश्न घालायची परवानगी मागा. ती मिळाली नाही तर तोच प्रश्न चाचणीच्या आदल्या दिवशी रफ वहीत घ्या आणि उत्तरं स्वतःजवळ ठेवा. पुढचा घटक कुठून सुरू करायचा, हे त्यावरून ठरवता येईल.